तुम्ही करून दिलेल्या ओळखी

सुलभाताई, दुपारी जरा डोळा लागला की तुम्ही येता. एक सभागृह असतं. कार्यक्रम नुकताच संपलेला असतो, हार टेबलावर मलूल पडलेले असतात, मागच्या रांगेतल्या खुर्च्या कुणीतरी घडी घालून भिंतीला लावत असतं. माणसं हातात कप घेऊन उभी असतात आणि थंडीतल्या सकाळी गोदावरीवर धुकं असतं तसे त्यांचे चेहरे पुसट असतात. तुम्ही माझ्या मागे. तुमचं कोपर हळूच माझ्या पाठीला लागतं. "जा ना. बोल." मी पाऊल उचलते, आणि ती माणसं तेवढीच लांब राहतात. मग सातपूरच्या कारखान्याचा भोंगा वाजतो, खाली गल्लीतून दुसऱ्या पाळीच्या सायकली निघतात आणि मी उठून बसते. उठल्यावर थोडा वेळ वाटत राहतं की संध्याकाळी तुमच्याकडे जायचंय. पिशवीत काय काय घ्यायचं तेही मनात येतं.

मग आठवतं.

तुमच्यावर कुणी लिहील की नाही, माहीत नाही. लिहिलंच तर जन्मगाव लिहितील, शिक्षण लिहितील, 'अत्यंत मनमिळाऊ स्वभाव' असं लिहितील. ते खोटं नाही. पण तुम्ही मनमिळाऊ होतात ते ठरवून होतात, आणि माणसात मिसळणं हा कामाचाच भाग असतो हे मला शिकवता शिकवता तुमची बरीच वर्षं गेली. तुम्ही घरी बसून दुसऱ्यांची पुस्तकं नीट करायचात. कुठल्या प्रकाशकाच्या पगारावर नव्हतात, कुठल्या कचेरीत नव्हतात. प्रबंध, आठवणी, कारखान्यांची मासिकं, संस्थांच्या स्मरणिका, सगळं गंगापूर रोडवरच्या तुमच्या जेवणाच्या टेबलावर यायचं आणि न्हाऊन-माखून, भांग पाडून परत जायचं. हे काम आपोआप येत नव्हतं. तुम्ही ते बोलावून आणायचात. आणि माझ्याकडे आजवर जे काम आलं, ते सगळं तुमच्या दारातून आलं. म्हणून तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा रडता रडता माझ्या मनात एक विचार येऊन गेला. तो तुम्हालाच सांगता येईल. आता मला कोण ओळखतं?

तुम्ही भेटलात तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी बी.ए. होऊन भद्रकालीतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचत होते. चांदवडच्या आमच्या वस्तीत बी.ए. झालेलं मी पहिलं माणूस. वडील आग्रा रोडच्या दुरुस्तीवर डांबर टाकायला जायचे, आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला. नाशिकला मी मामाकडे राहायचे, सातपूरच्या कॉलनीत. मामा कारखान्यात कामाला होता आणि त्याचं म्हणणं एकच, टायपिंग शीक आणि कंपनीत लाग, पगार बांधलेला, बस दारात. मला मात्र शब्दांजवळच राहायचं होतं. तसं राहून पोट भरतं का, हे विचारायला माझ्या ओळखीत कुणी नव्हतं.

त्या दिवशी छापखान्यातली वीज गेली होती. यंत्र थांबल्यावर छापखाना फार वेगळा होतो, एखादं मोठं जनावर झोपल्यासारखा. वरच्या काचेतून उजेडाचा एक पट्टा खाली आला होता आणि त्यात तुम्ही उभ्या होतात, खांद्याला शबनम अडकवून. मालकांना, म्हणजे नानांना, तुम्ही विचारलंत, "ही कोण?"

"प्रुफं वाचते."

"नाव नाही का तिला?"

"विमल," मी म्हणाले.

"पुढे?"

यंत्र सुरू व्हावं असं वाटलं. तुम्ही थोडी वाट पाहिलीत आणि म्हणालात, "बरं. विमल, चहा घेतेस?"

बाहेर टपरीशी उभं राहून तुम्ही मला तुमचं काम सांगितलंत. "लेखक लिहितो, नाना छापतात. मधे एक माणूस लागतो हे त्या दोघांनाही माहीत नसतं. म्हणून आधी ते सांगावं लागतं आणि मग काम करावं लागतं. पहिलं जास्त अवघड."

"काम चांगलं असलं की लोक येतात ना?" मी विचारलं. हे आमच्या घरात सगळे म्हणायचे.

"कोण लोक? त्यांना पत्ता कोण देणार?"

मला ते पटलं नाही. आपला वाद तिथे त्या टपरीवर सुरू झाला, ताई.

मग तुमची संक्रांत. बाकीच्या बायका वाण म्हणून वाट्या, कंगवे, साबणाच्या वड्या द्यायच्या. तुम्ही द्यायचात पेन्सिल. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी, आणि मधोमध सोनेरी अक्षरात तुमचं नाव, पत्ता आणि खाली 'हस्तलिखित वाचून, नीट करून मिळेल'. मेन रोडवरच्या एका दुकानदाराकडून तुम्ही त्या छापून घ्यायचात. आदल्या दिवशी आपण दोघी तुमच्या गॅलरीत बसून एकेका पेन्सिलीला तिळगुळाची पुडी बांधत होतो. उन्हात हलव्याचा वास सुटला होता, तुमचे यजमान, आप्पा, आत रेडिओ ऐकत होते, आणि मला वाटत होतं की या शहरातले सगळे संसार माझ्या मांडीवर पुड्या होऊन बसलेत.

"वाटी दिली तर ती स्वयंपाकघरात जाते," तुम्ही म्हणालात. "पेन्सिल टेलिफोनशेजारी जाते. टेलिफोनशेजारी कोण बसतं? मिस्टर. मिस्टर काय लिहितात? प्रबंध, नाहीतर कंपनीचा अहवाल, नाहीतर आत्मचरित्र."

दुसऱ्या दिवशी हॉल बायकांनी भरला. अत्तर, गजरे, हसणं. कारखान्याच्या मॅनेजरीणबाई म्हणाल्या, "सुलभा, यंदा तरी स्टीलची वाटी द्यायची गं."

"वाटीत तुझ्या ह्यांचं मासिक मावणार आहे का?"

"त्यांना नको बाई, ते पेन्सिलीने कान कोरतात."

"कोरू दे. कोरता कोरता वाचतील."

सगळ्या हसल्या. मी दाराशी ताट धरून उभी होते. कुणीतरी हळदीकुंकवाचा करंडा माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडून नकळत निघालं, "आमच्यात नसतं." हॉलमधलं हसणं जरा खाली बसलं. लोकांना गणित सोडवायला वेळ लागत नाही. करंडा धरलेला हात तसाच राहिला. तेवढ्यात तुम्ही माझ्या हातात पेन्सिल ठेवलीत आणि म्हणालात, "पेन्सिल घे. ती सगळ्यांच्यात असते." आणि लगेच त्याच आवाजात, "ही विमल. माझ्याबरोबर काम करते. पुढच्या वर्षी तुमची पुस्तकं हिच्या हातात असतील, तेव्हा हिच्याशी नीट वागा."

तोवर मी तुमच्याबरोबर काम करत नव्हते. मला ते तिथे त्या हॉलमध्येच कळलं.

होळीच्या आत मॅनेजरसाहेब मासिकाचं बाड घेऊन आलेच. म्हणाले, टेलिफोनवर बोलता बोलता पेन्सिलीवरचा पत्ता वाचला. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा बारीक केलात. वादात तुमचा एक गुण वाढला होता.

त्यानंतरची काही वर्षं मला आता सलग आठवत नाहीत. एकाच लांबलचक संध्याकाळसारखी आठवतात. आपण कुठल्या ना कुठल्या प्रकाशन समारंभाला निघालेल्या असतो, तुमच्या साडीला इस्त्रीचा गरम वास असतो आणि तुम्ही वाटेत मला धडे देत असता. तिसऱ्या रांगेत कडेला बसायचं. पुढे बसलं तर मिरवायला आलो वाटतं, मागे बसलं तर उठून जायला. चहा झाल्याशिवाय निघायचं नाही. काम मागायचं नाही, 'सध्या काय लिहिताय' एवढंच विचारायचं आणि मग गप्प राहायचं, कारण लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही, तो आपणहून सगळं सांगतो. आठवड्याने एक पोस्टकार्ड टाकायचं, 'तुम्ही सांगितलेल्या त्या प्रकरणाची आठवण येते'. खोटं लिहायचं नाही. आठवण येत नसेल तर कार्ड टाकायचं नाही.

मी तुमच्याबरोबर जायचे, ऐकायचे, मान हलवायचे. कामं तुम्हाला मिळायची आणि तुम्ही त्यातली अर्धी माझ्याकडे द्यायचात. मामाकडे मी माझ्या खोलीभाड्याचा वाटा देऊ लागले आणि टायपिंगचं नाव निघेनासं झालं.

मग एकदा तुम्ही मला पुढे ढकललंत. एक निवृत्त प्राचार्य होते, नाशिकच्या जुन्या शाळांबद्दल लिहीत होते. तुम्ही ठरवून लांब उभ्या राहिलात. मी गेले. विचारलं, सध्या काय लिहिताय. ते खुलले. शाळांबद्दल फार छान बोलले. मीही बोलले, आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांबद्दल, आणि त्यांनी 'वा' म्हटलं. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"चांदवडची."

"चांदवडच्या कोण?"

मी सांगितलं.

"अच्छा. अच्छा," ते म्हणाले आणि साखर कुठे दिसते का ते बघू लागले. साखर त्यांच्या कपात होती. त्यांनी मला काही वाईट म्हटलं नाही. नुसते तिथे राहिले नाहीत.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकलीत. छापखान्यातून नमुना आला, त्यावर माझं पूर्ण नाव. मी म्हटलं, नुसतं 'विमल के.' असू दे. तुम्ही चालता चालता थांबलात. वाचनालयाकडून अशोक स्तंभाकडे आपण येत होतो.

"अर्ध्या नावाने कुणी कुणाला ओळखत नाही, विमल."

"पूर्ण नावाने ओळखतात, ताई. म्हणूनच."

"आपण लपून राहिलो तर काम कसं मिळेल?"

"तुमचं आडनाव पाटीवर असलं की लोक बेल वाजवतात. माझं वाचून जिना उतरतात. तुम्ही सांगताय ते सगळं खरं आहे. पण ते तुमच्या घरातून निघालेल्या माणसासाठी खरं आहे."

एवढं मी तुमच्याशी कधी बोलले नव्हते. तुम्हाला राग येईल असं वाटलं. तुम्ही माझ्याबरोबर चालत राहिलात. स्तंभापाशी आल्यावर म्हणालात, "तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मान्य केलं तर मी तुला कायम माझ्या मागे उभी करीन, आणि ते मला नकोय." मग माझी बस आली. कार्डं तुम्ही छापून घेतलीत, पूर्ण नावाची, आणि मी ती वाटली नाहीत. यावर आपण पुन्हा बोललो नाही. पण दोघींच्याही मनात ते होतं. कधी कधी हस्तलिखित वाचताना तुम्ही मधेच मान वर करायचात आणि मला कळायचं की तुम्ही आता बोलणार. मग तुम्ही पान उलटायचात.

वडील एकदा नाशिकला आले तेव्हा तुम्हाला भेटायचं म्हणाले. कोपऱ्यात बसले, खुर्चीच्या अगदी काठावर. तुम्ही त्यांच्याकडे माझी तक्रार केलीत. "हिला जरा बोलायला शिकवा हो. चारचौघांत तोंडच उघडत नाही."

"घरात तर लय बोलते," वडील म्हणाले. "तिची आई म्हनते, हिला नाशिकलाच राहू द्या."

तुम्ही इतक्या हसलात की आप्पा बाहेर आले. मग वडील जरा मोकळे झाले. म्हणाले, "आपन होऊन सांगत फिरायचं आमाला जमत नाय बाई. जन्मभर रस्ता केला. गाड्या जातात. रस्ता कोनी केला म्हनून कोनी गाडी थांबवत नाय."

"थांबवावी असं मला वाटतं," तुम्ही म्हणालात.

वडील परत जाताना बसमध्ये चढता चढता मला म्हणाले, "बाई चांगली हाय. पण तिला वाटतं तशी दुनिया नाय." मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण पुढे तुम्हीही तेच म्हणालात.

आप्पा गेले. त्या वर्षीच्या पेन्सिली तुम्ही दिवाळीतच छापून घेतल्या होत्या. पौष लागला, गॅलरीत तसंच ऊन आलं, आणि संक्रांतीला तुमच्याकडे कुणी आलं नाही, तुम्हालाही कुणी बोलावलं नाही. हे मला नवीन नव्हतं, पण तुम्हाला होतं. इतकी वर्षं ज्या बायकांमधून तुम्ही शहरभर पोचला होतात, त्यांच्या करंड्याला आता तुमचं कपाळ चालत नव्हतं. मॅनेजरीणबाई भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून बोलावलं नाही हो." 'गं' चं 'हो' झालं होतं. तुम्ही मला सांगताना फक्त तेवढंच सांगितलंत.

काम हळूहळू कमी झालं. कुणी काढून घेतलं नाही, नुसतं यायचं थांबलं. तुम्ही गॅलरीत बसायचात, मांडीवर एखादं जुनं बाड, आणि ऊन तुमच्या पायांवरून सरकत भिंतीवर जायचं. मी शेजारी बसायचे. एकदा तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "मी म्हणायचे, दिसत राहायचं. पण कुणीतरी दारात उभं करावं लागतं, विमल, मग माणूस दिसतं. माझ्यासाठी ते आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं. मला वाटायचं, मीच केलं."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं असं बरंच काही आहे. तुम्ही केलंत, माझ्यासाठी तर तुम्हीच केलंत. मी चहा करायला आत गेले.

पण त्या मार्चमध्ये मी एक केलं. आमच्या कॉलनीत एप्रिलमधल्या जयंतीची स्मरणिका निघायची होती. कारखान्यातले कामगार, दोन मास्तर, पोस्टातले एक कारकून आणि महिला मंडळ अशी सगळी विहारात जमली होती. लेख गोळा झाले होते, पण त्यांचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. मी तुम्हाला बसने सातपूरला घेऊन गेले. तुम्ही पांढरी साडी नेसला होतात, आणि तिथे निम्म्याहून जास्त बायका पांढऱ्या साडीत होत्या. तुम्ही दारातच जरा थबकलात. मग आमची मामी म्हणाली, "या ताई, पुढं बसा, तिथं पंखा हाय."

मी उभी राहिले आणि बोलले. "ह्या सुलभाताई. लिहिणारा आणि छापणारा यांच्या मधे एक माणूस लागतो, ते काम ह्या करतात. तुमचं म्हणणं तुमचंच राहतं, फक्त ते वाचणाऱ्याच्या घरात नीट पोचतं. मला हे काम ह्यांनी शिकवलं." आवाज अडखळला नाही. तिथे माझं आडनाव दर तिसऱ्या दारावर होतं.

पोस्टातल्या कारकुनांनी विचारलं, "म्हणजे आमच्या लेखात चुका हायेत का?"

तुम्ही म्हणालात, "लेख तुमचा आहे. मी फक्त विचारीन, इथे तुमची आई काय म्हणाली ते का नाही लिहिलं?"

ते म्हणाले, "लिहितो." आणि दुसऱ्या दिवशी चार पानं जास्त घेऊन आले.

त्या स्मरणिकेमुळे पुढे दोन पुस्तकं आली, मग आणखी. कामगारांच्या, मास्तरांच्या लिहिण्यात तुम्ही इतक्या रमलात की गंगापूर रोडचं नाव काढेनाशा झालात. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीतून शेड मागे जात होत्या, पाळी सुटलेली होती, मोटरसायकलींचे दिवे लागत होते, आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "माझी ओळख किती छान करून दिलीस. आता असंच स्वतःबद्दल बोल. फक्त नाव बदल."

"दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं असतं, ताई."

"म्हणून तर मी तुझ्याबद्दल बोलत राहिले," तुम्ही म्हणालात. "पण मी काय पुरणार आहे का?"

तेवढ्यात सीबीएसचं बसस्टँड आलं.

पुरला नाहीत. दवाखान्यात तुम्ही फार दिवस काढले नाहीत हे बरं, असं सगळे म्हणतात. मला ते बरं वाटत नाही. एखादं प्रकरण वाचता वाचता दिवे जावेत तसं वाटतं. शेवटच्या वेळी तुम्ही अर्धवट झोपेत होतात, मी तुमचा हात धरला होता, आणि तुम्ही मला विचारलंत, "चहा झाला का सगळ्यांचा?" मला वाटतं तुम्ही कुठल्या तरी सभागृहात होतात. मी म्हटलं, "झाला." तुम्ही म्हणालात, "मग थांब जरा. आता बोलतील."

परवा मी तुमच्या घरी बसायला गेले. श्रीकांत बडोद्याहून आलाय. तुमचा मुलगा इतका तुमच्यासारखा दिसतो हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. हॉलमध्ये सतरंजी घातली होती, आप्पांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो, आणि भिंतीला टेकून तुमच्या नात्यातली माणसं. कुणी फारसं बोलत नव्हतं. त्या हॉलमधला तुमच्या वेळचा गलबला माझ्या कानात होता. मी दाराजवळ बसले.

थोड्या वेळाने देवरे साहेब आले. कळवणकडे जंगलखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या डोंगरातल्या वर्षांच्या आठवणी तुमच्याकडे होत्या, अर्ध्या झाल्या होत्या. ते हात जोडून बसले. बराच वेळ बसले. मग फार संकोचून श्रीकांतला म्हणाले, "घाई काही नाही. पण माझं बाड इथेच आहे. आता ते कोणाकडे... तुम्हाला काही कल्पना?"

श्रीकांत म्हणाला, "मला त्यातलं काही माहीत नाही काका. आईचं ते घरबसल्या चालायचं. वेळ जावा म्हणून करायची."

तो वाईट मुलगा नाही, ताई. त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि हॉलमधल्या सगळ्यांना ते बरोबर वाटलं, कुणीतरी मानही हलवली. तेवढ्या एका वाक्यात तुमची ती सगळी वर्षं, त्या तिसऱ्या रांगा, ती पोस्टकार्डं, विहारातली ती दुपार, कुठेतरी निघून चालली होती. आणि तुमच्याबरोबर मीसुद्धा. तुम्ही नुसता वेळ घालवत होतात, तर मग मी कोण होते?

सांत्वनाच्या घरात काय बोलू नये हे मला कळतं. आपण निघताना 'येते' असंसुद्धा म्हणत नाही. पण मी बोलले.

"वेळ जावा म्हणून नव्हतं," मी म्हणाले. "ताई संपादक होत्या. या शहरात छापलेल्या कितीतरी पुस्तकांना त्यांचा हात लागलाय. साहेब, तुमचं बाड मी वाचलंय. सातव्या प्रकरणापर्यंत ताईंचं काम झालंय, पुढचं मी करीन. मी हेच काम करते."

सगळे माझ्याकडे बघत होते. श्रीकांतही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीतरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं होतं.

देवरे साहेबांनी चष्मा नीट केला. "त्या वणव्याच्या प्रकरणाचं काय वाटतं तुम्हाला?"

"त्यात तुमच्याबरोबर रात्रभर आग विझवणारी माणसं आहेत. त्यांची नावं नाहीत. ती हवीत."

"बाईंनीही हेच म्हटलं होतं," ते म्हणाले.

"आणि पुस्तकावर 'संपादन' म्हणून दोन नावं लागतील," मी म्हणाले. "पहिलं ताईंचं."

"आणि दुसरं?"

"विमल कचरू पगारे. चांदवडची."

त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद शोधला, मिळाला नाही, मग बसच्या तिकिटाच्या पाठीमागे लिहू लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जरा सावकाश सांगा. पूर्ण लिहून घेतो."

मी सावकाश सांगितलं.